सासरे ११ मतांनी पडले, आता समोरच्या घरी हळदीकुंकवाला जायचं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जे समजलं ते आधी लिहितो, चुकत असेल तर दुरुस्त करा. तुमचे मिस्टर शहरातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी गावी आले, सासरे मागच्या ग्रामपंचायतीला वॉर्डातून उभे होते आणि ११ मतांनी पडले. निवडून आला तो समोरच्या घरातला, आणि त्याच घरातली धाकटी सून ही तुमची गावातली एकुलती एक मैत्रीण. निकाल लागला त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद, मुलं मात्र अजून एकाच अंगणात खेळतात, आता संक्रांत आली आणि सासूबाई म्हणतात त्यांच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. तुमचं म्हणणं, आम्हाला राजकारणात काडीचा इंटरेस्ट नाही, मग आम्ही कुणाच्या घरी जायचं हे पॅनेलनं का ठरवावं, आणि घरात भांडण न लावता हे येणंजाणं चालू कसं ठेवायचं.

मी ग्रामसेवक होतो. २९ वर्षं नोकरी, तीन तालुक्यांत मिळून ११ गावं केली, आता रिटायर. (२०२४ ला पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात.) ग्रामसेवकाला निवडून आलेल्याकडंही चहा प्यावा लागतो आणि पडलेल्याकडंही, नाही प्यायला तर दोघंही संशय घेतात, त्यामुळं या एका विषयात मला थोडंफार कळतं असं धरून चाला. बाकी विषयात बायको म्हणते काहीच कळत नाही.

तर पहिलं म्हणजे, हे पक्षाचं भांडण नाहीच. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही, तिथं पॅनेल असतात आणि चिन्हं कपबशी, छत्री, शिट्टी असली. कमळ-पंजा-घड्याळ-मशाल हे सगळं पंचायत समिती, जिल्हा परिषदेपासून वर. पॅनेलच्या मागं पक्ष उभे असतात ते खरं, पण एकाच पॅनेलमध्ये दोन पक्षांची माणसं आणि एकाच पक्षाची दोन पॅनेलं समोरासमोर, हे मी चार गावांत तरी पाहिलंय. जून २०२२ ला सेना फुटली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादी, तेव्हा लोक म्हणायचे आता गावं फुटणार. गावं काय फुटायची राहिली होती होय? ती आधीच फुटलेली होती, दोन्ही बाजूंनी वरचा एकेक तुकडा उचलला आणि आपापल्या बोर्डावर लावला, झालं.

मग राग कशाचा, तर आकड्याचा. लोकसभेला आपला माणूस लाखानं पडला तरी दुसऱ्या दिवशी माणूस शेतात जातो, कारण लाख माणसं कोण हे कुणाला माहीतच नसतं. वॉर्डात मतं किती असतात, पाचशे-सहाशे. त्यात पॅनेलवाल्यांनी आठ दिवस आधी मतदारयादी पुढ्यात घेऊन घरटी खुणा केलेल्या असतात, हे आपलं, हे त्यांचं, हे डळमळीत. मतदानाच्या दिवशी बूथवर बसलेला पोरगा कोण आलं कोण नाही ते टिपत असतो. म्हणजे निकाल लागला की हिशेब मांडता येतो, आणि तो मांडला जातोच. ११ मतांनी पडणं याचा अर्थ सहा माणसं तिकडची इकडं आली असती तर तुमचे सासरे एका मतानं निवडून आले असते. सहा माणसं, ताई. तुमचे सासरे निकालापासून ती सहा माणसं शोधतायत. पारावर बसले तरी, देवळात गेले तरी, समोरून येणारा रामराम करतो तेव्हा सुद्धा मनात तेच, हा त्यातला होता का. मोठ्या फरकानं पडलेला माणूस वर्षात सावरतो, थोडक्यात पडलेला पुढची निवडणूक येईपर्यंत सावरत नाही असा माझा तरी अनुभव. अगदी समान मतं पडून चिठ्ठीवर गेलेलं एक प्रकरण माझ्यासमोर झालं होतं, शाळेतल्या पोरानं बरणीतनं चिठ्ठी काढली, तर पडलेल्या माणसानं त्या पोराच्या बापाशी बोलणं टाकलं.

आता या चष्म्यातून तुमच्याकडं बघा. घरातली सून रोज समोरच्या घरी जाते, आणि आपण ११ नी पडलो. सासूबाई तुमच्यावर संशय घेतायत असं मी म्हणत नाही, बहुतेक नसतीलच. पण त्यांना भीती आहे ती आपल्याच पॅनेलच्या बायकांची, त्या विहिरीवर नाहीतर गिरणीत म्हणणार, "यांचीच सून तिकडं आणि आम्हाला सांगतात इमान ठेवा." म्हणजे तुमची अडचण समोरच्या घराची नाहीच, तुमची अडचण तुमच्या बाजूची माणसं आहेत. गावात माणूस विरोधकाला जेवढा भीत नाही तेवढा आपल्या माणसांच्या बोलण्याला भितो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

आणि इथं लोक जी चूक करतात ती सांगतो, कारण मी स्वतः केलीय. माझी नोकरीतली दुसरी का तिसरी ग्रामपंचायत. जुने सरपंच नुकतेच पडले होते, माणूस चांगला, माझ्याशी घरोबा झालेला. त्यांनी वस्तीवर जेवायला बोलावलं. मी म्हटलं नव्या बॉडीला (म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांना) उगाच वाईट दिसायला नको, म्हणून रात्री साडेआठला गेलो, शेवटच्या वळणावर गाडीची लाईट बंद केली आणि गाडी कडब्याच्या गंजीमागं लावली. जेवलो, मटण झकास होतं, दहाला निघालो. दुसऱ्या दिवशी मासिक सभेत उपसरपंच माझ्याकडं न बघताच म्हणाला, "भाऊसाहेब, काल कडबा खरेदीला गेलता व्हय?" सगळी बॉडी हसली. मी पण हसलो. पण त्यानंतर दीड वर्ष माझं एक पान हललं नाही. दाखला द्यायला उशीर झाला तरी कारण वस्ती, बिल अडलं तरी कारण वस्ती, ग्रामसभेत जुन्या सरपंचानं अवघड प्रश्न विचारला की सगळ्यांच्या माना माझ्याकडं, कागद यानंच दाखवले म्हणून. मी एक कागद दाखवला नव्हता हो. जेवणाबद्दल कुणाला काही नव्हतं, सगळं रामायण त्या बंद केलेल्या लाईटचं होतं.

पुढच्या गावापासून मी पद्धतच बदलली. रुजू झालो की पहिल्या आठवड्यात निवडून आलेल्याकडं चहा, आणि त्याच दिवशी, सकाळी अकराच्या उन्हात, गावाच्या मधल्या रस्त्यानं, चालत, पडलेल्याकडं चहा. कुणी ना कुणी विचारायचंच, "भाऊसाहेब तिकडं कुठं?" "चहाला." बस. दोन-चार दिवस कुजबुज, मग लोकांना सवय होते, अरे हा सगळीकडंच जातो. सवय झाली की बातमी संपली. तुम्ही आत्ता मैत्रिणीला मागच्या दारानं भेटत असाल, मळ्यात नाहीतर तालुक्याला बाजारच्या दिवशी (प्रश्नात लिहिलं नाही, पण माझा अंदाज), तर ते आधी थांबवा. आठवड्यातनं एकदाच भेटा, पण पुढच्या दारानं आणि दिवसा.

आता हे सगळ्यांना लागू आहे असं नाही, काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला तुमच्या प्रश्नातून कळत नाहीत.

एक म्हणजे पोटापाण्याचा संबंध कुणाशी आहे. दूध कुठल्या संस्थेला घालता, विकास सोसायटीचं पीककर्ज कुणाच्या सहीनं होतं, ऊस असेल तर तोडणीची टोळी कोण आणतं, पाण्याची पाळी कोण ठरवतं. हे जर समोरच्या घराच्या हातात असेल तर सासऱ्यांना तुमचं तिकडं जाणं म्हणजे शरण जाणं वाटणार, आणि त्यांच्याही घरात कुणीतरी म्हणणार की ऊस तोडायला आला म्हणून सुनेला पाठवली. अशा वेळी जरा सबुरी, ऊस तोडून जाईपर्यंत जाणं कमी. उलट तुमच्या सासऱ्यांच्या हातात सोसायटी असेल तर तुम्ही आधी जायला काहीच हरकत नाही, जड पारड्यानं पहिलं पाऊल टाकलं की त्याला मोठेपणा म्हणतात.

दुसरं, निवडणुकीखाली गाडलेलं दुसरं काही आहे का. २००७ च्या १५ ऑगस्टला आर. आर. आबांच्या काळात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, त्यात मी पाच गावांच्या समित्यांची कागदं सांभाळली. पॅनेलचा वाद म्हणून जे आलं त्यातलं निम्मं मुळात बांधाचं होतं. दोन सरींवरनं २० वर्षांपूर्वी कुणीतरी नांगर फिरवलेला, नाहीतर वहिवाटीचा रस्ता अडवलेला, आणि त्या रागानं एक या पॅनेलला गेला म्हणून दुसरा त्या. तुमच्या दोन घरांमध्ये निवडणुकीआधी काय होतं ते मिस्टरांना नाही, एखाद्या जुन्या चुलत सासूला विचारा. बांध असेल तर हळदीकुंकवानं तो सुटणार नाही, मोजणी लागते त्याला. तुमचं जाणंयेणं चालेल, फक्त त्यातून मोठ्या माणसांचं बोलणं सुरू होईल ही आशा धरू नका.

तिसरं, सासरे पुन्हा उभे राहणार आहेत का. राहणार असतील तर निवडणूक लागायच्या आधीचे तीन महिने जाणंयेणं कमी करा आणि ते मैत्रिणीला सांगून करा. तिलाही तिच्या घरात तेच भोगायचंय.

तुम्ही एक वाक्य लिहिलंय, "आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही." हे वाक्य गावात कृपा करून बोलू नका. शहरात त्याचा अर्थ सरळ होतो, गावात "कुणाचाच नाही" म्हणजे "समोरच्याचा". आणि ज्या माणसानं घरातले पैसे घालून निवडणूक लढवली, पोरगा परत आला म्हणून ज्याला बळ आलं, त्याच्या तोंडावर सुनेनं आम्हाला इंटरेस्ट नाही म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यापेक्षा सासऱ्यांना, बाकी कुणी नसताना, जेवणं झाल्यावर, असं सांगा की मत तुम्हालाच होतं आणि पुढंही घरातच राहील, पण येणंजाणं मी सगळ्यांकडं ठेवणार आणि कुठं जाते ते तुम्हाला सांगून जाणार. परवानगी मागू नका, मागितली की नाही म्हणावंच लागतं त्यांना, पॅनेलचा माणूस आहे. सांगून जा. "समोर चाललेय, तासात येते." ते काही बोलणार नाहीत, पेपर वर धरतील. पेपर वर धरला की होकार समजायचा.

पुढचं मैत्रिणीबरोबर ठरवून घ्यायचं. तिकडं ऐकलेलं इकडं आणायचं नाही, इकडलं तिकडं न्यायचं नाही, चांगलं सुद्धा नाही. "तुमचे सासरे बरं बोलत होते हो तुमच्याबद्दल" हे सुद्धा दोन घरं ओलांडताना वाकडं होतं. आणि मुलांना, हे फार महत्त्वाचं, मुलांना घरी आल्यावर कधी म्हणजे कधी विचारायचं नाही की तिकडं काय बोलत होते. आजी विचारणार, तिला हसून थांबवा. पोरं खेळतात तोवर दोन घरांत एक वाट उघडी असते, पोराला हेर केलं की ती वाट बंद होते आणि पोरगं पण खोटं बोलायला शिकतं.

अजून एक, मैत्रिणीचा दीर मेंबर आहे म्हणून नळ कनेक्शन, घराचा उतारा, घरकुलाच्या यादीतलं नाव, असलं कुठलंच काम मैत्रिणीमार्फत करायचं नाही. ऑफिसला जा, अर्ज द्या, पोच घ्या, दोन चकरा जास्त मारा. मी पाहिलंय, एका गावात बहिणी-बहिणीसारख्या दोघी, एकीनं दुसरीच्या नवऱ्याकडनं गटारीचं काम आपल्या दारापर्यंत वाढवून घेतलं, ४० फूट असेल नसेल. पुढच्या निवडणुकीत भरसभेत त्याचा उल्लेख झाला, "४० फूट गटारीला घर विकलं." दोघींचं तिथं संपलं, आजही संपलेलंच आहे.

मोठ्या माणसांचं काय, ते कधी बोलणार, तर त्याचा मुहूर्त सणाला नसतो, दुःखाला असतो. सणाला गेलं की आनंद दाखवायला लागतो आणि मानापमान मध्ये येतो, दुःखात तसलं काही लागत नाही, गप्प बसलं तरी चालतं. एका गावात दोन चुलतभाऊ, चार वर्षं तोंड बघत नव्हते, सरपंचपदावरनंच. एकाची आई गेली. घरात चूल बंद, पाहुणे अजून वाटेत. आणि दुसऱ्याच्या घरातनं कडू घास आला, पिठलं आणि भाकरी, त्याची बायको डोक्यावरनं पाटी घेऊन आली, ओट्यावर ठेवली, कुणाशी न बोलता आत बायकांत जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी सावडायला तो स्वतः आला, पहाटेच, सगळ्यांच्या मागं उभा राहिला, आणि पाणी आणायची वेळ आली तेव्हा कुणी न सांगता कळशी उचलून ओढ्याकडं गेला. मी तिथं होतो. ज्याची आई गेली त्या पडलेल्या भावानं नुसतं बघितलं आणि परत खाली बघितलं. तेराव्याला दोघं एका पंगतीत होते. सरपंचपदाबद्दल त्यानंतर एक शब्द नाही, माफी नाही, समेट नाही, काहीच नाही. असं काही तुमच्यावर यावं असं मी म्हणत नाही, देव करो न येवो, पण आजारपण येतं, रात्री दोनला गाडी लागते, लाईट गेलेली असताना समोरच्याचा बैल सुटतो. तेव्हा मिस्टरांनी विचार न करता पुढं व्हायचं, आणि नंतर त्याची आठवण काढायची नाही.

लग्नं मात्र घातक. तिथं माईक असतो. अक्षता पडायच्या आधी निवेदक सुरू होतो, विद्यमान सरपंच, माजी सरपंच, चेअरमन, व्हाईस चेअरमन, आणि कुणाचं नाव आधी घेतलं, कुणाला नुसतं टॉवेल-टोपी आणि कुणाला फेटा, यावरनं मांडवात खुर्च्या सरकलेल्या मी पाहिल्यात. तुमच्या घरात पुढं कार्य निघालं तर एका शहाण्या बापानं केलं ते करा, निवेदकाच्या हातात चिठ्ठी दिली, नावं फक्त दोन्हीकडच्या मामांची, बाकी "समस्त गावकरी मंडळी". दोन्ही पॅनेल नाराज झाली पण सारखीच नाराज झाली, आणि सारखी नाराजी टिकत नाही.

मिस्टरांसाठी दोन गोष्टी. शिकलेला, शहरातनं आलेला, बोलायला बरा, म्हणजे दोन्ही बाजूंना तो फ्लेक्सवर हवा असणार. एक दिवस सकाळी उठाल तर स्टँडवर त्यांचा फोटो शुभेच्छुकांमध्ये, खालून तिसरी रांग, फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवरनं उचललेला. त्यामुळं आत्ताच दोन्हीकडं, एकाच शब्दांत, सांगून ठेवा की विचारल्याशिवाय फोटो नको. आणि कार्यक्रमात कुणी गळ्यात उपरणं टाकलं तर झिडकारू नये, तो टाकणाऱ्याचा अपमान होतो, नमस्कार करायचा, खाली बसायचं, काढून घडी करून मांडीवर ठेवायचं. फोटोवाला तेवढ्यात क्लिक करतोच म्हणा, पण गळ्यातलं आणि मांडीवरचं यातला फरक गाव बरोबर ओळखतं.

गावच्या ग्रुपवर काही लिहू नका, निकालाचे जुने व्हिडिओ कुणी टाकले तर अंगठा पण नको. एवढंच, त्यावर जास्त काय लिहायचं.

आता लोक तुम्हाला सांगायला येतील की बघा नेते कसे एकत्र असतात. विलासराव आणि गोपीनाथरावांची दोस्ती, एक काँग्रेसचा एक भाजपचा, लातूर आणि बीड शेजारी शेजारी, सभांमधून एकमेकांची टोपी उडवायचे आणि नंतर हसत बसायचे, सगळ्यांनी पाहिलंय. २००६ ला सुप्रियाताई राज्यसभेवर बिनविरोध गेल्या, बाळासाहेबांनी समोर उमेदवार दिला नाही. खरं आहे सगळं. पण ही उदाहरणं तुमच्या सासऱ्यांना देऊ नका, माझं ऐका. मी एकदा दिलं होतं एका पडलेल्या उमेदवाराला, तो म्हणाला, "भाऊसाहेब, त्यांची घरं समोरासमोर हायत का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. नेत्यांना भेटायला विधानभवन असतं, विमानतळ असतो, सत्काराचं स्टेज असतं. कार्यकर्त्यानं विरोधकाला भेटायचं कुठं, तर त्याच बोळात, जिथं निकालाच्या दिवशी त्याच्या दारासमोर डीजे थांबवून २० मिनिटं गुलाल उधळला. आणि नेत्यांचं तरी कुठं सगळं गोड, २०२४ ला बारामतीत लोकसभेला नणंद-भावजय समोरासमोर झाल्या आणि त्या वर्षी दिवाळीचा पाडवा दोन ठिकाणी झाला, उभ्या महाराष्ट्रानं बघितलं.

तसंच "निवडणूकच नको, बिनविरोध करा, वाद मिटतात" असं म्हणणारे पण भेटतील. कुठं कुठं ते मनापासून होतं. पण बिनविरोध म्हणजे गोडीच असं नसतं, २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथली निवडणूक राज्य निवडणूक आयोगानं रद्द केली होती, पदाचा लिलाव झाला म्हणून. आणि हिवरे बाजार, आदर्श गाव, तिथं सुद्धा ३० वर्षांनी त्याच साली निवडणूक लागलीच. लागू द्या. निवडणुकीनं गाव मरत नाही, निकालाच्या संध्याकाळी काय केलं त्यानं मरतं. (मी रिटायर होईपर्यंत प्रत्येक विजयी उमेदवाराला सांगायचो, मिरवणूक पडलेल्याच्या दारावरनं नेऊ नका. चौघांनी ऐकलं असेल.)

तंटामुक्त समितीकडं वगैरे हे नेऊ नका, बोलणं बंद असणं हा तंटा नाही, समितीत नेलं की तो तंटा होतो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्याकडं २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, पण तो मुळात जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध आलेला आहे. दोन घरांनी एकमेकांकडं चहा न पिणं त्यात बसत नाही. पाणी तोडलं, स्मशानात अडवलं, दुकानदाराला माल देऊ नको म्हणून दम दिला, असं काही झालं तर वेगळं, मग वकील आणि पोलीस ठाणं, चहाचा सल्ला तिथं चालत नाही.

तर संक्रांतीचं. आत्तापर्यंतचं धरून, लपून नको, सांगून जा, दिवसा जा, तिकडलं इकडं नको. संक्रांतीच्या दिवशीच जाऊ नका, त्या दिवशी तिथं त्यांच्या पॅनेलच्या सगळ्या बायका असणार आणि तुम्ही आत शिरल्या शिरल्या शांतता होणार, ती नकोच. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, मधला एखादा वार धरा, दुपारी चारला, मुलाला बरोबर घेऊन. आधी तुमच्या घरचं करा आणि मैत्रिणीला एकटीला नाही, तिच्या सासूलाही बोलावणं करा, स्वतः जाऊन, दारात उभं राहून, आत बोलावलं तर आत. नाही आल्या तरी चालेल, बोलावणं गेलं हे महत्त्वाचं, ते पंधरा मिनिटांत गावभर होतं. आणि तिळगूळ सासूबाईंच्या हातचा न्या. त्या म्हणणार मी करून देणार नाही. घरातल्यांसाठी तर करतीलच, त्याच डब्यातला न्या, आणि नेताना सांगा की तुमच्या हातचा नेतेय. नाही म्हणाल्या तर तुमच्या हातचा न्या, त्यावरनं भांडू नका.

जाऊन आल्यावर घरात कुणी काही विचारलं नाही तर तुम्हीही काही सांगू नका. सासूबाईंनी "वाण काय दिलं?" असं विचारलं तर मात्र लगेच पिशवीतनं काढून हातात द्या, नीट बघू द्या, स्वस्तातलं आहे म्हणाल्या तर हो म्हणा.

एक विचारायचं राहिलं, निकालाच्या दिवशी मतमोजणीच्या ठिकाणी तुमचे सासरे आणि तो मेंबर समोरासमोर आले होते का, आणि हात मिळवला होता का? तुम्हाला माहीत नसेल तर मिस्टरांना विचारा. ते कळलं तर पुढचं जरा नेमकं सांगता येईल.